अतिक्रियाशील थायरॉईड : वजन, दाह आणि आपले गैरसमज

आपल्याकडे माणसाची प्रकृती विचारण्याची सुरुवातच मुळी वजनापासून होते. बुटीबोरीच्या आठवडी बाजारात दोन बायका भेटल्या की पहिला प्रश्न ठरलेला : "काहून वं बाई, अशी वाळून गेली?" नाहीतर त्याच्या उलट, "आता बरी भरली हो अंगानं!" वाळणे म्हणजे दुखणे आणि भरणे म्हणजे सुख, असे हे साधे गणित आहे. परंतु एक आजार असा आहे की, त्यात हे गणित दोनदा चुकते. त्या आजारात भूक वाढूनही माणूस वाळत जातो. पुढे उपचार लागू पडला की तो भरू लागतो. पण तेव्हा आनंद मानण्याऐवजी लोक औषधालाच दोष देतात. हा आजार म्हणजे थायरॉईड ग्रंथीची अतिक्रियाशीलता.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. विज्ञानाशी माझा संबंध दहावीपर्यंतचा, आणि त्यानंतर गृहअर्थशास्त्रातील आहारशास्त्रापुरता. तेव्हा असा विषय मी हाती घ्यावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण हा आजार आमच्या घरी आला आणि एका गैरसमजाची किंमत आम्हाला मोजावी लागली. त्यानंतर डॉक्टरांना विचारून व पुस्तके चाळून जे समजले ते येथे मांडत आहे. ज्यांची ही हकीकत आहे त्या माझ्या मोठ्या आईने, "लिही बाई, दुसऱ्या कोणाले तरी उपयोगी पडन," असे म्हणून परवानगी दिली आहे.

घरातील हकीकत

मोठ्या आईचे वय अठ्ठेचाळीस. घरचे, शेतीचे सगळे काम ती एकहाती ओढणारी. दोन वर्षांपूर्वी तिची भाकर थापताना हात थरथरू लागले. सुईत दोरा ओवता येईना. हिवाळ्यातही तिला पंखा लागे. जेवण पूर्वीपेक्षा जास्त, तरी एक्कावन्न किलो वजनाचे चव्वेचाळीस झाले. घरच्यांनी आधी "शुगर असेल" म्हटले. तपासली, ती नव्हती. मग "चिंता करते" असे ठरले. शेवटी नागपूरच्या एका डॉक्टरांनी मानेवरून हात फिरवला, नाडी पाहिली आणि थायरॉईडची रक्ततपासणी सांगितली. टीएसएच जवळजवळ शून्य, आणि टी-थ्री व टी-फोर दोन्ही वाढलेले. औषध सुरू झाले. दीड-दोन महिन्यांत धडधड थांबली, झोप येऊ लागली आणि सहा महिन्यांत वजन त्रेपन्न किलो झाले.

येथेच घात झाला. हळदीकुंकवाला जमलेल्या बायका म्हणाल्या, "त्या गोळ्यांनी फुगून राह्यली ना वं माय तू!" मोठ्या आईने कोणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. तीन महिन्यांत आजार परतला, आणि या वेळी नाडी वेडीवाकडी पडू लागली. दवाखान्यात चार दिवस काढावे लागले. आता ती पुन्हा औषधावर आहे. पण ज्या वजनवाढीला भिऊन तिने औषध सोडले ती वाढ नेमकी कशाची होती, हा प्रश्न माझ्या मनातून जाईना.

ग्रंथी लहान, कारभार मोठा

थायरॉईड ग्रंथी गळ्याच्या पुढच्या बाजूस, श्वासनलिकेला बिलगून असते. आकार पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा आणि वजन साधारण पंधरा ते पंचवीस ग्रॅम. मराठीत तिला अवटु ग्रंथी म्हणतात, पण हा शब्द पुस्तकातच राहिला. ही ग्रंथी सुजून मोठी झाली की होणाऱ्या गलगंडाचे वर्णन सुश्रुतसंहितेत आहे. म्हणजे रोगाशी आपली ओळख फार जुनी. ग्रंथीचे काम मात्र अलीकडे उलगडले. या ग्रंथीत आयोडीन असते हे जर्मनीतील बाउमान यांनी १८९५ च्या सुमारास दाखवले आणि १९१४ साली अमेरिकेत केंडॉल यांनी तिचा मुख्य रस, म्हणजे थायरॉक्सिन, स्फटिकरूपात वेगळा काढला. त्यालाच आज टी-फोर म्हणतात. टी-थ्री हे त्याचे अधिक तीव्र रूप.

हा रस शरीरातील प्रत्येक पेशीला कामाची गती नेमून देतो. तो किती लागतो यावर मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीची देखरेख असते. रस कमी पडला की ती टीएसएच नावाचा निरोप जास्त पाठवते. रस जास्त झाला की निरोप थांबवते. म्हणून अतिक्रियाशील थायरॉईडमध्ये टीएसएच घटलेला दिसतो. "टीएसएच कमी आला म्हणजे थायरॉईड कमी आहे" असा उलटा अर्थ आपल्याकडे पुष्कळदा लावला जातो. त्यात आणखी भर म्हणजे ग्रंथी मंद झाली काय आणि उधळली काय, दोन्हीला आपण "तिला थायरॉईड आहे" एवढेच म्हणतो. मंद थायरॉईडचे रुग्ण संख्येने जास्त असल्याने शेजारीण आपली सकाळची उपाशीपोटीची गोळी प्रेमाने पुढे करते. ती गोळी म्हणजे तोच रस! उधळलेल्या ग्रंथीच्या रुग्णाने ती घेणे म्हणजे पेटत्या चुलीत रॉकेल ओतणे होय.

ग्रंथी उधळण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे ग्रेव्हज् रोग. डब्लिनचे डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्हज् यांनी १८३५ साली आणि जर्मनीतील बासेडो यांनी १८४० साली त्याचे वर्णन केले. गळ्याची गाठ, छातीतील धडधड आणि बाहेर आलेले डोळे ही त्यातली ठळक लक्षणे. स्त्रियांमध्ये तो पुरुषांच्या कितीतरी पट अधिक. पण पुरुष सुटतात असे नाही : अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश आणि त्यांच्या पत्नी बार्बरा या दोघांनाही दोन वर्षांच्या अंतराने हाच रोग झाला होता. न्यूझीलंडमधील ॲडम्स व पर्व्हेस या संशोधकांनी १९५६ साली अशा रुग्णांच्या रक्तात ग्रंथीला दीर्घकाळ चेतवणारा एक पदार्थ असल्याचे दाखवले. तो पदार्थ म्हणजे शरीराने चुकून स्वतःच्याच ग्रंथीविरुद्ध तयार केलेले प्रतिपिंड होते. ते टीएसएचच्या जागी जाऊन बसते आणि ग्रंथीला "आणखी रस दे, आणखी दे" असे सारखे बजावत राहते. पियुषिकेने निरोप थांबवला तरी उपयोग होत नाही.

याखेरीज ग्रंथीत स्वतंत्रपणे काम करणाऱ्या गाठी वाढणे, किंवा ग्रंथीला सूज येऊन आतला साठा रक्तात गळणे, ही कारणेही असतात. यांतील शेवटचे कारण पुढे आपल्याला लागणार आहे, म्हणून ते ध्यानात ठेवावे.

वजन जाते कोठे, येते कोठून?

१८९५ साली माग्नुस-लेव्ही या जर्मन संशोधकाने अशा रुग्णांचा श्वास मोजून सिद्ध केले की, स्वस्थ पडून असतानाही त्यांचे शरीर निरोगी माणसापेक्षा जास्त प्राणवायू वापरते. आजार तीव्र असेल तर हा वापर दीडपटीवर जाऊ शकतो. चूल रात्रंदिवस भडकलेली असेल तर सरपण कितीही आणा, पुरणार नाही. अन्न पुरले नाही की शरीर आपली साठवलेली चरबी जाळते आणि तेवढ्याने भागले नाही की स्नायूही जाळते. म्हणूनच या रुग्णांच्या मांड्या व दंड बारीक होतात आणि बसल्या जागेवरून हात न टेकता उठणे कठीण जाते. काही थोड्या रुग्णांची भूक इतकी वाढते की त्यांचे वजन आजारातही वाढलेले दिसते. त्यामुळे केवळ काट्यावरून हा रोग ओळखता येत नाही.

आता औषध काय करते ते पाहू. अमेरिकेत ॲस्टवूड यांनी १९४३ साली थायोयुरासिल वापरून औषधाने ही ग्रंथी आवरता येते हे दाखवले. त्याच कुळातील कार्बिमाझोल हे औषध १९५० च्या दशकात ब्रिटनमधून वापरात आले आणि आजही आपल्याकडे पहिल्यांदा बहुधा तेच दिले जाते. ते नवीन रस तयार होऊ देत नाही. पण ग्रंथीत आधीचा साठा असतो आणि रक्तातील टी-फोर निम्मे व्हायलाच सात दिवस लागतात. म्हणून गुण यायला काही आठवडे जातात. तोवर धडधड व कंप आवरण्यासाठी प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी देतात. टी-फोर ताळ्यावर आले तरी टीएसएच पुढे कित्येक आठवडे, कधी महिने, दबलेलाच राहतो. तेव्हा रिपोर्टमधला एकच आकडा पाहून "औषध लागू पडत नाही" असे म्हणणे उतावीळपणाचे ठरते.

चुलीची आग नेहमीएवढी झाली, की गेलेले वजन परत येऊ लागते. ही पहिली वाढ आजाराने उचलून नेलेल्या मालाची परतफेड आहे. मोठ्या आईच्या चव्वेचाळीसपासून एक्कावन्नपर्यंतच्या सात किलोंचा हिशेब हाच. ते वजन तिचेच होते!

प्रश्न त्यापुढच्या किलोंचा. येथे आमच्या आहारशास्त्राचा उपयोग होतो. आजारात भूक वाढलेली असते व जेवणाची सवय त्या भुकेला बेतलेली असते. औषधाने आग कमी होते, पण ताटातली तिसरी भाकर लगेच कमी होत नाही. पन्नास-साठ ग्रॅम पिठाच्या एका ज्वारीच्या भाकरीत सुमारे २०० कॅलरी असतात. रोज अशी दीड भाकर गरजेपेक्षा जास्त गेली तर ३०० कॅलरी उरतात, महिन्याला ९,०००. एक किलो चरबीत ढोबळमानाने ७,७०० कॅलरी साठतात. म्हणजे माणूस "पूर्वीएवढेच" जेवत असूनही महिन्याला किलोभर वाढू शकतो. प्रत्यक्षात शरीर जसे वाढते तशी त्याची गरजही वाढते, त्यामुळे ही वाढ अखंड चालत नाही. तरी हिशेबाची दिशा हीच.

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथील डॉक्टरांनी अशा १,३७३ रुग्णांची पाहणी २०१९ साली प्रसिद्ध केली. उपचारकाळात पुरुषांचे वजन सरासरी ८ किलो आणि स्त्रियांचे साडेपाच किलो वाढल्याचे त्यांना आढळले. आणि सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत त्यांच्यात लठ्ठपणाचा धोकाही अधिक दिसला. तेव्हा वाढ खरी आहे, ती मनाचा खेळ म्हणून झटकून टाकू नये. पण तिच्यावरचा उपाय औषध सोडणे हा नव्हे. चढती बाजू थांबवायची ती आधी ताटात, मग चालण्यात. स्नायू परत भरावेत म्हणून डाळी, दूध, अंडी असे आहारात असावे आणि शक्ती येईल तसे काम वाढवावे. याची सूचना रुग्णाला पहिल्याच दिवशी मिळाली, तर पुढचे गैरसमज टळतील.

वजनवाढीचे एक तिसरे कारणही असते आणि ते मात्र डॉक्टरांनीच सोडवायचे. औषधाची मात्रा गरजेपेक्षा जास्त झाली तर ग्रंथी मंदावते. मग थंडी वाजणे, बद्धकोष्ठता, सुस्ती, चेहऱ्यावर सूज अशी लक्षणे दिसतात आणि वजन चढते. हे ओळखण्यासाठीच सुरुवातीला दर चार ते सहा आठवड्यांनी रक्त तपासतात. आमच्याकडे "बरं वाटते ना, मंग कायले पैशे घालवा" म्हणून हीच तपासणी आधी गाळली जाते!

दाह म्हणजे काय?

मोठी आई सावरत असताना एका आरोग्य शिबिरात तिने 'संपूर्ण शरीर तपासणी' करून घेतली. त्यात सीआरपी नावाच्या तपासणीपुढे ४.२ हा आकडा आणि शेजारी चांदणी छापून आली. घरात पुन्हा घबराट. २०२१ च्या कोरोनाच्या लाटेनंतर 'सीआरपी' ही अक्षरे आपल्या भागात कोणी विसरलेले नाही. त्या दिवसांत नातेवाईक दवाखान्याच्या दाराशी उभे राहून एकमेकांना हाच आकडा विचारीत. "अंगात सूज हाय, गोळ्यांची गरमी हाय," असा निष्कर्ष एका हितचिंतकाने काढला व एक काढाही सुचवला. सुदैवाने या वेळी मोठी आई आधी डॉक्टरांकडे गेली.

लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने दोन हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवली आहेत. काटा रुतला की आपल्याला ती बोटावर दिसतात. शरीराच्या आत दाह असेल तर तो दिसत नाही, म्हणून रक्तात त्याच्या खुणा शोधाव्या लागतात. त्यांतल्या दोन नेहमीच्या खुणा म्हणजे ईएसआर आणि सीआरपी.

ईएसआर ही जुनी तपासणी. पोलंडच्या बिएर्नात्स्की यांनी १८९७ साली तिचे महत्त्व सांगितले आणि स्वीडनच्या वेस्टरग्रेन यांनी १९२१ मध्ये तिची पद्धत बसवून दिली. न गोठणारे रक्त उभ्या नळीत ठेवून तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसतात ते मोजायचे. दाहामुळे रक्तात काही प्रथिने वाढतात. त्यामुळे पेशी भाकरींच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात, जड होतात व लवकर बसतात. मात्र रक्त कमी असले, दिवस गेलेले असले किंवा वय झाले असले तरीही ईएसआर वाढतो. पंडुरोग घरोघरी असलेल्या आपल्या भागातील बायकांच्या बाबतीत हे विसरून चालणार नाही.

सीआरपी म्हणजे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट व फ्रान्सिस यांना १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते आढळले. दाहाचा निरोप इंटरल्युकिन-६ या पदार्थामार्फत यकृताकडे गेला की यकृत ते तयार करते. काही तासांत ते चढू लागते, सुमारे दोन दिवसांत शिखर गाठते आणि कारण संपले की झपाट्याने उतरते. निरोगी माणसात ते बहुधा लिटरला पाच मिलिग्रॅमच्या आत असते. जंतुसंसर्गात शंभर-दोनशेवर जाते. एक सावधगिरी येथेच सांगतो असे डॉक्टर म्हणाले : काही प्रयोगशाळा आकडा लिटरला देतात, काही डेसिलिटरला. दोहोंत दहापटीचा फरक पडतो. म्हणून आकड्याआधी एकक वाचावे.

दाहाच्या खुणा थायरॉईडमध्ये काय सांगतात?

वाचकांना असे वाटेल की, ग्रेव्हज् रोगात शरीरच स्वतःच्या ग्रंथीवर उलटलेले असते, तेव्हा दाहाच्या खुणा खूप वाढलेल्या असणार. प्रत्यक्षात तसे सहसा होत नाही. तेथे प्रतिपिंडे ग्रंथीला जाळीत नाहीत, चेतवतात. त्यामुळे ग्रेव्हज् रोगात सीआरपी व ईएसआर बहुधा साधारणच राहतात, आणि उपचार लागू पडतो की नाही हे त्यांवरून ठरवीत नाहीत. ते काम टी-थ्री, टी-फोर व टीएसएच यांचे. याचा व्यावहारिक अर्थ असा की, थायरॉईडच्या रुग्णात दाहाच्या खुणा खरोखरीच वाढलेल्या दिसल्या तर कारण दुसरीकडे शोधायचे. अशी तीन कारणे प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखी आहेत.

पहिले कारण म्हणजे निदानच वेगळे असणे. स्वित्झर्लंडचे शल्यवैद्य द केर्व्हां यांनी १९०४ साली वर्णन केलेला ग्रंथीचा एक दाह विषाणूच्या आजारानंतर काही आठवड्यांनी होतो. गळा पुढून दुखतो, कळ जबड्याकडे व कानाकडे जाते, ताप येतो, धडधड होते. सुजलेल्या ग्रंथीतून साठवलेला रस गळतो म्हणून टी-फोर वाढते. कागदावर चित्र ग्रेव्हज् रोगासारखेच. पण ईएसआर पन्नासच्या वर आणि सीआरपीही चढलेला. २०२० साली इटलीतील पिसा येथे कोरोनातून उठलेल्या अठरा वर्षांच्या मुलीला, म्हणजे आपल्याच वयाच्या, हा आजार झाला आणि कोरोनानंतरचे असे पहिले उदाहरण म्हणून ते नोंदले गेले. येथे नवीन रस तयारच होत नसतो. मग तो अडवणारे कार्बिमाझोल काय करणार? वेदना व दाह कमी करणारी औषधे, गरज पडल्यास प्रेड्निसोलोन, हा येथला उपचार. काही महिन्यांत बहुतेक रुग्ण बरे होतात. एका साध्या तपासणीने निदानाची वाट बदलते, ती अशी.

दुसरे कारण क्वचित घडणारे, पण जिवावरचे. कार्बिमाझोल घेणाऱ्या हजारात दोन ते पाच जणांच्या रक्तातील जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी एकाएकी नाहीशा होतात, आणि हे बहुधा पहिल्या तीन महिन्यांत घडते. तेव्हा ही गोळी चालू असताना ताप आणि घसा दुखणे सुरू झाले तर "हवा बदलली" म्हणून घरगुती उपचार करीत बसू नये. गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे व पांढऱ्या पेशी मोजून घ्याव्यात. डॉक्टरांना न विचारता औषध थांबवण्याचा हाच काय तो प्रसंग. आणि त्याच दिवशी दवाखाना गाठणे ही त्यातली अट आहे.

तिसरे कारण सौम्य व रोजचे, आणि मोठ्या आईच्या ४.२ चे उत्तरही त्यातच सापडले. चरबी म्हणजे नुसते साठवणीचे गोदाम नव्हे. चरबीच्या पेशी इंटरल्युकिन-६ थोड्या प्रमाणात सोडत असतात. अंगावर, विशेषतः पोटावर, चरबी वाढली की यकृताला मंद निरोप जात राहतो व सीआरपी थोडे वर सरकते. शिबिरातील तपासणी ही अतिसूक्ष्म पद्धतीची होती. त्या पद्धतीत तीनच्या वरचा आकडा हृदयविकाराच्या धोक्याच्या दृष्टीने जास्त धरतात. पण सर्दी, दुखरी हिरडी किंवा पायाची जखमसुद्धा तो तात्पुरता वाढवू शकते. मोठ्या आईची दाढ त्या आठवड्यात ठणकत होती! दाढ काढल्यावर महिन्याने पुन्हा तपासले तेव्हा आकडा १.८ आला. गोळ्यांची 'गरमी' कोठेच नव्हती.

अशा रीतीने वजन आणि दाह यांचा धागा एकमेकांत गुंतलेला आहे. आजारात गेलेले वजन परत आले म्हणून दाह होत नाही. गरजेपलीकडे साठलेली चरबी मात्र वजनही वाढवते आणि सीआरपीही. दोन्हींवरचा उपाय एकच, आणि तो गोळीच्या पाकिटात नसून आपल्या दिनक्रमात आहे.

उपचाराचे इतर मार्ग

कार्बिमाझोलचा क्रम साधारण बारा ते अठरा महिने चालतो. त्यानंतर सुमारे निम्म्या रुग्णांत आजार परततो. मग शस्त्रक्रिया किंवा किरणोत्सारी आयोडीन हे मार्ग असतात. शस्त्रक्रियेला सुरक्षित रूप देणारे स्वित्झर्लंडचे कोखर यांना १९०९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. किरणोत्सारी आयोडीनचा पहिला प्रयोग बोस्टनमध्ये सॉल हर्ट्झ यांनी १९४१ साली केला. ग्रंथी आयोडीन ओढून घेते, आणि त्या आयोडीनचे किरण दोन मिलिमीटरच्या आतबाहेरच पोचत असल्याने अतिरिक्त पेशी जागच्या जागी नष्ट होतात. महाराष्ट्राला याबाबत अभिमान वाटावा असा इतिहास आहे. तुर्भे येथे 'अप्सरा' ही देशातील पहिली अणुभट्टी १९५६ साली सुरू झाली आणि १९६३ साली मुंबईत परळ येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर उभे राहिले. थायरॉईडच्या रुग्णांसाठी किरणोत्सारी आयोडीनचा वापर तेथे दीर्घकाळ होत आला आहे. या उपचारानंतर ग्रंथी बहुधा मंद होते व रस गोळीच्या रूपाने जन्मभर घ्यावा लागतो. ती मात्रा वेळेवर सुरू झाली नाही तर वजन पुन्हा चढते. तेव्हा येथेही नियमित तपासणीला पर्याय नाही. गर्भवतींना किरणोत्सारी आयोडीन देत नाहीत; आणि ज्यांना मूल हवे आहे त्यांनी आधी डॉक्टरांना तसे सांगावे, कारण गोळीही बदलावी लागू शकते.

जाता जाता आणखी एक. या आजारात केस गळतात म्हणून पुष्कळ मुली बायोटिनच्या गोळ्या घेतात. काही यंत्रांवर हे बायोटिन थायरॉईडची तपासणीच फसवते : टीएसएच खोटा कमी व टी-फोर खोटे जास्त दाखवते. म्हणून रक्त देण्यापूर्वी या गोळ्यांबद्दल सांगावे व त्या काही दिवस बंद ठेवाव्यात.

शेवटी

आपण बुटीबोरीकर तसे भाग्यवान आहोत. एका अंगाला मिहानमधील एम्स, दुसऱ्या अंगाला १९६९ पासून चालत आलेले सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय. औद्योगिक वसाहतीमुळे गावात औषधांची दुकाने आणि तपासणीच्या प्रयोगशाळाही आल्या. रिपोर्ट आता मोबाईलवर येतो. पण कागदावरचा आकडा आणि काट्यावरचा आकडा कशामुळे बदलला, हे विचारण्याची सवय अजून आपल्याला लागायची आहे. दोन्ही आकडे खरे बोलतात, परंतु अर्धेच. उरलेले अर्धे रुग्णाला विचारून, तपासून आणि थोडा धीर धरून कळते.

मोठ्या आईने आता स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक कागद लावला आहे. त्यावर दर महिन्याच्या पहिल्या तारखेचे वजन, नाडीचे ठोके आणि पुढच्या तपासणीची तारीख ती स्वतः लिहिते. वजन गेले पाच महिने चौपन्नवर स्थिर आहे. मागच्या हळदीकुंकवाला पुन्हा कोणीतरी म्हणाले, "लय भरली हो तू!" त्यावर ती हसून म्हणाली, "भरली नाई वं, माहं गेलेलं परत आलं. वरचे तीन किलो तेवढे भाकरीचे हायेत, ते मी पाहून घेतो."

घरोघरी, वर्गावर्गांत असा रुग्ण आज ना उद्या आपल्याला भेटेल. त्याच्या अंगाकडे पाहून शेरा मारण्याआधी क्षणभर थांबलो आणि "तपासणी कधी आहे?" एवढेच विचारले, तरी या लेखाचे काम झाले असे मी समजेन.